अधिकारी व्हायचंय आणि नागपुरात राहताय: मैदानं, बॅचेस आणि सामानाचा आढावा

पहाटे पाचला नागपुरातल्या कुठल्याही मोठ्या मैदानावर जा, धावणारी मुलं-मुली दिसतातच. त्यातली बहुतेक पोलिस भरतीची नाहीतर अग्निवीरची तयारी करत असतात. सैन्यदलात अधिकारी व्हायला निघालेले एनडीए, सीडीएस, एएफकॅट किंवा टेक्निकल एंट्रीचे (तांत्रिक शाखांतल्या भरतीचे) उमेदवार त्यांच्यातच मिसळतात, त्याच बॅचची फी भरतात आणि त्यांच्याच वेळापत्रकाने शरीर झिजवतात. गडबड इथेच होते. भरतीच्या उमेदवाराला एका ठरलेल्या सकाळी एकदाच जीव तोडून पळायचं असतं. एसएसबीच्या, म्हणजे अधिकारी निवडीच्या मुलाखत-चाचण्यांच्या, पाच दिवसांत मात्र धावण्याची वेळ लावून परीक्षा होत नाही. तिथे जीटीओच्या (मैदानी गटचाचण्या घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या) मैदानावर अडथळे असतात, रेकमेंड झालात तर पुढे लष्करी रुग्णालयातली तपासणी असते, आणि घड्याळ लावून पळणं अकॅडमीच्या दारापासून सुरू होतं. म्हणून शहरातल्या सोयी इथे एकाच कसोटीवर तपासल्या आहेत: सांधे आणि नडग्या शाबूत ठेवून, वजन हाताबाहेर न जाऊ देता, अडथळे पार करणारं आणि मेडिकल पास होणारं शरीर त्यातून घडतं का?

आधी नेमकं किती लागतं ते पाहू, कारण याबाबत मैदानावर ऐकीव गोष्टी फार फिरतात. एनडीएच्या यूपीएससी अधिसूचनेत उमेदवाराला आधीपासून तयारी ठेवायचा सल्ला दिलेला असतो: २.४ किलोमीटर १५ मिनिटांत, पुश-अप आणि सिट-अप किमान २०-२०, चिन-अप किमान ८, दोरीवरच्या उड्या आणि ३ ते ४ मीटर दोरखंड चढणं. लष्कराच्या टेक्निकल एंट्रीच्या अलीकडच्या जाहिरातींमधलं प्रशिक्षणापूर्वीचं प्रमाण याहून कडक आहे. मुलांसाठी २.४ किलोमीटर १० मिनिटं ३० सेकंदांत, पुश-अप ४०, पुल-अप ६, सिट-अप ३०. मुलींसाठी १३ मिनिटं, पुश-अप १५, पुल-अप २, सिट-अप २५. दोघांनाही स्क्वॉट ३०चे दोन सेट, लंज १०चे दोन सेट आणि पोहण्याची तोंडओळख. हवाई दलाच्या एएफकॅटमध्ये १.६ किलोमीटर १० मिनिटांत, १० पुश-अप आणि ३ चिन-अप इतकी अपेक्षा असते. तुमची एंट्री कुठलीही असो, तयारी टेक्निकलच्या आकड्यांवर करा. उरलेली प्रमाणं बहुतेक त्यात आपोआप बसतात. अपवाद दोरखंडाचा, दोरीवरच्या उड्यांचा आणि चिन-अपच्या आठ या आकड्याचा, ते वेगळे जोडून घ्यावे लागतात. मुलींना एनडीएचे २० पुश-अप आणि एएफकॅटचे ३ चिन-अपही वेगळे धरावे लागतात.

मैदानं

वेळ मोजायची असेल तर मानकापूरचं विभागीय क्रीडा संकुल. आखलेल्या ४०० मीटरच्या धावपट्टीवर २.४ किलोमीटर म्हणजे बरोबर सहा फेऱ्या. साडेदहा मिनिटांचं लक्ष्य असेल तर फेरी १ मिनिट ४५ सेकंदांत पडली पाहिजे, तेरा मिनिटांचं असेल तर २ मिनिटं १० सेकंदांत, पंधराचं असेल तर अडीच मिनिटांत. हे आकडे पाठ असले की मोबाईल हातात धरून पळायची गरज उरत नाही, मनगटावर साधं स्टॉपवॉच पुरतं. मोबाईलच्या जीपीएसवर ट्रॅकवर विसंबूच नये, वळणांवर त्याचा हिशेब चुकतो.

एक गोष्ट मात्र बरेच जण विसरतात. ४०० मीटर हे फक्त सर्वांत आतल्या लेनचं अंतर आहे. बाहेर सरकाल तशी प्रत्येक लेनला फेरी सात-साडेसात मीटरने वाढते. चौथ्या लेनमधून सहा फेऱ्या मारल्या तर धाव २,४०० ऐवजी जवळपास २,५३५ मीटरची होते, आणि घड्याळात पस्तीसेक सेकंद जास्त दिसतात. गर्दीमुळे आतली लेन मिळत नसेल तर त्या दिवशी वेळ लावू नका, नाहीतर आपला दम कमी पडतोय असं समजून विनाकारण जोर वाढवाल. संकुलात स्पर्धा असल्या की ट्रॅक मिळत नाही, त्यामुळे चाचणीचा दिवस ठरवण्याआधी चौकशी करून ठेवा.

रोजच्या संथ धावेला ट्रॅकची गरज नाही, माती हवी. रविनगरचं विद्यापीठाचं मैदान आणि रेशीमबाग या कामाला चांगली. रेशीमबाग आणि कस्तुरचंद पार्कवर सभा, प्रदर्शनं, मेळावे होत असतात. मांडव उतरल्यावर खांबांचे खड्डे आणि खिळे मागे राहतात, म्हणून अशा कार्यक्रमानंतरच्या आठवड्यात पहिली फेरी चालत मारा आणि जमीन बघून घ्या. पावसाळ्यात इथली काळी माती बुटाला किलोभर चिकटते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. दोन्ही वेळा घोटा मुरगळतो. पावसात मातीचा हट्ट सोडून त्या दिवशी पुल-अपच्या बारवर काम करावं.

नागपूरचे सिमेंटचे रस्ते गाड्यांना चांगले, धावणाऱ्यांच्या नडगीला वाईट. डांबरापेक्षाही सिमेंट टणक असतं, आणि घरापासून मैदानापर्यंत तीन किलोमीटर सिमेंटवरून धावत जाऊन मैदानावर पुन्हा चार किलोमीटर धावणारे कमी नाहीत. मैदानापर्यंत सायकलने किंवा चालत जा. अंबाझरीच्या परिसरात आणि फुटाळ्याभोवती रविवारची लांब धाव बरी होते, पण सहाच्या आत. नंतर अंबाझरीला फिरायला येणारे ज्येष्ठ नागरिक आणि फुटाळ्याला गाड्या, दोन्ही वाढतात. संध्याकाळी फुटाळ्याच्या रस्त्यावर धावायचा विचारही करू नये.

सेमिनरी हिल्स ही या शहराने अशा उमेदवाराला दिलेली सर्वांत मोलाची जागा आहे, आणि तिचा उपयोग सर्वांत कमी केला जातो. सपाट नागपुरात खरा चढ इथेच मिळतो. चढावरच्या धावेत पाऊल जमिनीवर कमी जोराने आदळतं, तरीही मांड्या, नितंब आणि फुफ्फुसं यांना सपाटीवरच्या जोरदार धावेइतकं काम पडतं. शरीराचा वरचा भाग ताठ, नजर दहा-पंधरा पावलांवर, पाऊल आखूड. साठ-सत्तर मीटरचा चढ जोरात चढायचा आणि चालत उतरायचं. उतारावर धावू नका, गुडघ्याचा पुढचा भाग त्यानेच दुखायला लागतो. सुरुवातीला सहा चढ पुरेत, दहापर्यंत जायला दोन महिने घ्या. झाडीमुळे पहाटे तिथे अंधार असतो, म्हणून उजाडल्यावर जा आणि एकट्याने जाऊ नका, मुलींनी तर नक्कीच सोबत असल्याशिवाय नाही. पहाटेच्या अंधारात मुलींसाठी वर्दळ आणि दिवे असलेली मैदानंच बरी.

भरतीच्या बॅचेस

या बॅचेसमध्ये चांगलं काय? शिस्त. रोज ठरलेल्या वेळी हजेरी, बरोबर पळणारे वीस जण आणि पुढे धावणारा एखादा वेगवान मुलगा, याने पहिल्या दोन महिन्यांत जी प्रगती होते ती एकट्याने होत नाही. शिकवणारा निवृत्त फौजी असेल तर वॉर्म-अप, रांग, आवाज, सगळंच नीट असतं. फीही शहरातल्या जिमपेक्षा सहसा जड नसते.

आता अडचण. महाराष्ट्र पोलिस भरतीत शारीरिक चाचणीचे गुण १,६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक यांना असतात. मुलींना १,६०० ऐवजी ८०० मीटर. अग्निवीरमध्ये १.६ किलोमीटर, पुल-अप, ९ फुटी खड्डा आणि नागमोडी बॅलन्स. म्हणून बॅचचं सगळं वजन १,६०० मीटरच्या टायमिंगवर असतं आणि अनेक ठिकाणी ते रोज घेतलं जातं. रोज पूर्ण जोराने वेळ लावून पळणं हा नडगी खराब करण्याचा सर्वांत सोपा मार्ग. स्नायू दोन दिवसांत सावरतो, हाडाला नव्या भाराची सवय व्हायला कित्येक आठवडे लागतात. दम सुधारलेला असतो, म्हणून मुलगा वेग वाढवत जातो, आणि दीड महिन्याने नडगीच्या आतल्या कडेला दुखायला लागतं. हाताची वीत ठेवता येईल इतक्या लांबीत दुखत असेल तर बहुधा ते हाडाच्या आवरणाचं दुखणं असतं. धाव निम्म्यावर आणून, मातीवर पळून आणि पोटऱ्या मजबूत करून ते आटोक्यात येतं. एका बोटाने दाखवता येईल अशा ठिकाणी दुखत असेल, दाबल्यावर कळ येत असेल, रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, तर धावणं त्याच दिवशी बंद करा आणि अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा. ती हाडाची बारीक चीर असू शकते आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ती साध्या एक्स-रेवर अनेकदा दिसतच नाही. ‘दुखतंय तरी पळ’ म्हणणारा शिक्षक कितीही अनुभवी असला तरी या बाबतीत त्याचं ऐकू नये.

बॅच लावायचीच असेल तर फी भरण्याआधी तीन सकाळी नुसतं जाऊन बघा. एका शिक्षकामागे किती मुलं आहेत? आठवड्यात हलका दिवस आहे का? बार किती आहेत, आणि त्यांवर नवख्या मुलांना कोणी शिकवतं की रांग लावून फक्त मोजतात? अधिकारी एंट्रीची मुलं वेगळी काढतात का? गोळाफेकीचा अर्धा तास तुम्हाला बारवर घालवू देतील का? शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ असेल तर बॅच चालेल. सगळ्या वर्षाची फी एकदम मागत असतील तर महिन्याची भरा.

अडथळ्यांचा संच असलेल्या एसएसबी क्लासेसना वेगळं तपासायला हवं. वैयक्तिक अडथळे दहा असतात, १ ते १० असे गुण, एकूण ५५, वेळ ३ मिनिटं. क्रम तुम्ही ठरवायचा, आणि दहाही पूर्ण झाले तर उरलेल्या वेळात पुन्हा सुरू करता येतात. टायगर लीप (उंचावरून झेप घेऊन दोर पकडणं), कमांडो वॉक (उंचावरच्या अरुंद फळीवरून चालणं), बर्मा ब्रिज, टारझन स्विंग, दुहेरी खड्डा, पडद्यावरून उडी, दोरखंड या गोष्टी प्रत्यक्ष हात लावून बघितलेल्या असल्या की भीती निम्मी होते, म्हणून दोन-चार सत्रांपुरता असा संच वापरणं योग्य. महिनोन्‌महिने त्यावर फी घालवायची गरज नाही. संच वापरण्याआधी उडीच्या खड्ड्यातली वाळू पाय घालून बघा. ती घोट्याच्या वरपर्यंत सैल असली पाहिजे, पावसाने घट्ट बसलेली वाळू आणि जमीन यांत फरक नसतो. दोरखंड उन्हाने कुजतो. तो हाताने पिळला आणि आतून भुसा पडला तर त्यावर टायगर लीप मारू नका. ओल्या फळीवर कमांडो वॉक नको, जीटीओच्या मैदानावर तो करायच्या आधी घोटा शाबूत राहिला पाहिजे. खरी चूक उमेदवार वेळेत करतात. एका अडथळ्यात अडकून पडतात आणि तीस-चाळीस सेकंद तिथेच जातात, जे दोन सोप्या अडथळ्यांना पुरले असते. एकदा प्रयत्न फसला तर पुढे जा. सुरुवातीला जवळजवळ असलेले तीन-चार अडथळे डोळ्यांनी हेरून ठेवा, गुणांचा मोठा आकडा दिसला म्हणून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला धावू नका.

जाता जाता एक गोंधळ दूर करू. कामठीचं ओटीए (ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमी) हे एनसीसीच्या असोसिएट अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचं आहे. शॉर्ट सर्व्हिसचे (ठरावीक वर्षांच्या नोकरीचे) कॅडेट जिथे जातात ती ओटीए चेन्नईत आणि गयेत आहेत. कामठीला जाऊन चौकशी करणारे बरेच उमेदवार आणि पालक असतात, म्हणून लिहिलं. एसएसबीसाठी नागपूरकरांना जवळचं केंद्र म्हणजे भोपाळ, रेल्वेने सुमारे ३९० किलोमीटर. पण कुठलं केंद्र मिळेल ते तुमच्या हातात नाही.

बार, दोरखंड, बूट

सहा पुल-अप हा आकडा धावण्यापेक्षा जास्त उमेदवारांना छळतो, आणि मुलींना दोन पुल-अप त्याहून जास्त. तयारी धावण्याआधी बारपासून सुरू करा, कारण त्याला सर्वांत जास्त वेळ लागतो.

मनपाच्या उद्यानांतली ग्रीन जिम फुकट आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात. तिथली बहुतेक यंत्रं बसून ढकलायची किंवा पाय झुलवायची असतात. ती ज्येष्ठांना सांधे मोकळे करायला ठीक, तुमच्या कामाची नाहीत. कामाच्या वस्तू दोनच: उंच आडवा बार आणि समांतर बार. आडवा पाइप अनेकदा जाड असतो, मूठ पूर्ण बंद होत नाही, त्यामुळे बाहू थकायच्या आधी पकड सुटते. अशा पाइपवर सराव केला तर पकड मजबूत होते, पण मोजायच्या दिवशी बारीक बार शोधा. पहाटे दव पडलेला असतो, फडकं सोबत ठेवा.

घरी दाराच्या चौकटीत बसणारा, पिळून घट्ट करायचा बार मिळतो. नुसत्या घर्षणावर टेकणारा बार लाकडी चौकटीवर काही दिवसांनी हळूहळू सैल होतो आणि एका पुल-अपच्या मध्यात खाली येतो, पाठीवर पडायला होतं. स्क्रूने कप बसवायचा प्रकार घ्या, चौकट सागवानी किंवा लोखंडी असेल तरच लावा आणि दर आठवड्याला पीळ तपासा. पत्र्याच्या किंवा फायबरच्या चौकटीला तो लावूच नका. त्यापेक्षा गच्चीवर दोन भक्कम खांबांत वेल्डरकडून जीआय पाइप बसवून घ्या, तो वर्षानुवर्षं टिकतो.

एकही पुल-अप होत नसेल तर उलटीकडून शिका. स्टुलावर चढून हनुवटी बारच्या वर न्या आणि पाच सेकंदांत सावकाश खाली या, हात पूर्ण सरळ होईपर्यंत. असे पाच, आठवड्यातून तीनदा. सोबत ३० सेकंद नुसतं लटकणं आणि कमरेइतक्या बारखाली पाठ सरळ ठेवून छाती बारला लावणं, दहाचे तीन सेट. पाच सेकंदांचे पाच सहज जमू लागले की पहिला पुल-अप फार लांब नसतो. तळवे बाहेर वळवलेली पकडच धरा. तळवे स्वतःकडे करून मारलेले चिन-अप सोपे पडतात आणि खोटा आत्मविश्वास देतात. पाय झटकून मारलेला, हनुवटी बारवर न गेलेला, किंवा खाली हात अर्धवट वाकलेलाच ठेवून मारलेला पुल-अप मोजू नका. अकॅडमीत मोजणारा उस्ताद (पीटी शिक्षक) तो मोजणार नाही. दोन-तीन जमू लागले की एका दमात जास्त काढायच्या नादाला न लागता दिवसभरात पाच-सहा वेळा दोन-दोन काढा. सहापर्यंत पोचायला याइतका भरवशाचा मार्ग दुसरा नाही.

दोरखंड इतवारीच्या बाजारात किंवा मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. नायलॉनचा नको, हात भाजतात आणि पायांची पकड बसत नाही. सुती किंवा जाड मनिला, साधारण दीड इंच व्यासाचा, पाच-सहा मीटर. झाडाला बांधणार असाल तर कडुनिंबाची किंवा चिंचेची जाड, हिरवी फांदी बघा; गुलमोहर आणि शेवगा यांना कधीच नाही, त्या फांद्या इशारा न देता मोडतात. खालची जमीन खणून भुसभुशीत करा. चढणं हाताने होत नाही, पायाने होतं: दोर एका पायाच्या बाहेरून घेऊन पावलाखालून काढायचा, दुसऱ्या पावलाने वरून दाबायचा, त्या कुलपावर उभं राहायचं आणि मगच हात वर सरकवायचे. हे कुलूप जमिनीवर बसून वीस वेळा करून बघा, मग दोरावर जा. उतरताना सरसर घसरू नका, तळव्याची सालं निघतात. हाताखाली हात घेत या.

बुटांवर लोक गरजेपेक्षा जास्त बोलतात, म्हणून थोडक्यात. दोन जोड हवेत. रोजच्या धावेला नीट गादी असलेले रनिंग शूज, आणि एसएसबीला नेण्यासाठी पांढरे कॅनव्हासचे पीटी शूज. ते बर्डी, सदर, कामठी, कुठेही स्वस्तात मिळतात. पीटी शूजचा तळ पातळ आणि सपाट असतो, त्यात रोज पाच किलोमीटर धावलात तर टाच आणि नडगी दोन्ही जातील. पण अडथळ्यांचा सराव त्यांतच करा, कारण दोरावरची आणि फळीवरची पकड बुटागणिक बदलते, आणि कोरे पीटी शूज जीटीओच्या दिवशी पहिल्यांदा घातले तर टाचेला फोड येतात. धावण्याचे बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. अंगठ्यापुढे बोटभर जागा सोडा. वरून नवे दिसले तरी ५०० ते ८०० किलोमीटरनंतर त्यांची गादी दबते, म्हणून अंतर लिहून ठेवत जा.

आठवडा आणि ऊन

आठवड्यात चार धावा पुरेत. एक दिवस ट्रॅकवर ४०० मीटर सहा वेळा, प्रत्येकी १:४५मध्ये, मध्ये दोन मिनिटं चालणं. ते सहज झालं की विश्रांती दीड मिनिटावर, मग एका मिनिटावर आणा. पुढे ८०० मीटर तीन वेळा, प्रत्येकी साडेतीन मिनिटांत. एक दिवस चढ. उरलेले दोन दिवस बोलता येईल इतक्या संथ वेगाने पाच ते आठ किलोमीटर. तीन आठवड्यांतून एकदाच पूर्ण २.४ची चाचणी. बारचं काम या दिवसांच्या मध्ये. आठवड्याचं एकूण अंतर एका वेळी दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका.

मार्चच्या शेवटापासून जूनच्या पावसापर्यंत नागपूर वेगळं शहर असतं. पारा ४५च्या पुढे जातो आणि पहाटेसुद्धा जमीन गरम असते. शरीराला उन्हाची सवय व्हायला साधारण १० ते १४ दिवस लागतात. त्या दिवसांत फेरीमागे काही सेकंद जास्त लागणारच, त्याची काळजी करू नका आणि ते भरून काढायला जोरही लावू नका. पाचला सुरू, साडेसहाला बंद. झोपेतून उठून रिकाम्या पोटी, पाणी न पिता कठीण सत्र करू नका. निघण्याआधी दोन पेले पाणी, परत आल्यावर मीठ-साखरेचं लिंबू सरबत, ताक किंवा पन्हं. घाम थांबणं, अंगावर काटा येणं, बोलण्यात गोंधळ होणं, यांतलं काही दिसलं की सोबत्याला सावलीत आडवं करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि दवाखान्यात न्या. ‘चक्कर आली, बसेल जरा’ म्हणून सोडू नका.

खाण्यावर फक्त एवढंच: धावून आल्यावर तर्री-पोह्याची प्लेट पोट भरते, स्नायूला फारसं काही देत नाही. शरीराच्या दर किलोला १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे ६५ किलोच्या मुलाला ८० ते १०० ग्रॅमच्या आसपास. अर्धा लिटर दूध, तीन अंडी, मूठभर चणे, दोन वाट्या घट्ट वरण, दही आणि ज्वारीची भाकरी एवढ्यात बरंच जमतं. अंडी न खाणाऱ्यांनी सोयाबीनच्या वड्या आणि पनीर वाढवावं. मुलींनी तयारी सुरू करतानाच हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. ते कमी असेल तर कितीही धावलं तरी दम वाढत नाही.

जिम आणि मेडिकल

वजनाच्या बाबतीत शहरातल्या जिमपासून सावध राहा. तिथे छाती आणि दंड वाढवण्यावर भर असतो. उंची आणि वयाच्या तक्त्यापेक्षा वजन वर गेलं की मेडिकलमध्ये अडचण, आणि जड झालेल्या शरीराला पुल-अपही जड. स्नायू वाढवायच्या इंजेक्शन-गोळ्यांचं नावही काढू नका. त्यांनी मुलांच्या छातीत स्तनासारखी गाठ येऊ शकते (गायनेकोमास्टिया), ते नापास होण्याचं एक कारण आहे आणि ती शस्त्रक्रियेशिवाय सहसा जात नाही. क्रिएटिनची पावडर घेत असाल तर रक्तातला क्रिएटिनिन वाढलेला दिसू शकतो.

मेडिकलच्या आधीचे दोन दिवस कडक व्यायाम बंद. जोरदार सत्रानंतर लघवीत तात्पुरती प्रथिनं किंवा रक्ताचे अंश दिसू शकतात, आणि मग विनाकारण पुढच्या तपासण्या लागतात. कानातला मळ, दात (किमान १४ डेंटल पॉइंट), मूळव्याध, नाकाचा वाकलेला पडदा, हायड्रोसील, टेकणारे गुडघे, सपाट तळपाय, कोपराचा कोन, रंगदृष्टी, या गोष्टी एसएसबीला जाण्याच्या सहा महिने आधी एखाद्या चांगल्या डॉक्टरकडून बघून घ्या. मळ काढणं एका दिवसाचं काम आहे, शस्त्रक्रियेनंतर सावरायला महिने लागतात. तात्पुरतं अनफिट ठरलात तर अपील बोर्डासाठी ४२ दिवसांची मुदत असते. तेवढ्यात दोन-चार किलो वजन खाली येतं, दहा किलो येत नाही.

पोहणं

सर्वांत शेवटी येणारी आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी गोष्ट. अंबाझरी, फुटाळा किंवा गोरेवाड्याच्या पाण्यात शिकायचा प्रयत्न कोणीही करू नये. तळाला गाळ असतो आणि अंबाझरीत जलपर्णी, पट्टीचा पोहणाराही त्यात अडकतो. उत्तर अंबाझरी रोडवरचा नासुप्रचा (नागपूर सुधार प्रन्यासचा) जलतरण तलाव किंवा शहरातला प्रशिक्षक आणि जीवरक्षक असलेला कुठलाही तलाव चालेल. उन्हाळी बॅचला झुंबड असते, म्हणून नाव मार्चमध्येच घालून ठेवा. लहान मुलांच्या तासात मोठ्यांना टाकत असतील तर प्रौढांचा तास मागून घ्या, कारण उथळ टोकाला गर्दीत हात मारायला जागाच मिळत नाही. क्रम असा ठेवा: पाण्यात तोंड घालून श्वास सोडणं, कठड्याला धरून पाय मारणं, न धरता तरंगणं, मग २५ मीटर न थांबता. वेगाकडे बघू नका. खोल टोकाला जागच्या जागी दोन मिनिटं तरंगून राहता आलं आणि उंचावरून पाय खाली करून उडी मारून शांतपणे कठड्यापर्यंत येता आलं की प्रशिक्षणापूर्वीची गरज भागते.